गालिच्याला भिंत समजणारं यंत्र

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री माझा लढवय्या गालिच्यापाशी अडला. सरदाराची हवेली, तिचा दिवाणखाना, मधोमध तांबडा गालिचा, पलीकडे वर जाणारा जिना. माउसने टोकन पुढे ओढलं की ते गालिच्याच्या काठाशी येऊन थबकायचं. त्याहून विचित्र म्हणजे गालिचा आम्हाला दिसतच नव्हता. त्याच्या जागी काळाकुट्ट चौकोन होता आणि त्याची सावली थेट जिन्यावर पडली होती. खेळाडूंनी साहजिकच निष्कर्ष काढला की इथे काहीतरी जादू आहे. एकीने मंत्र टाकून पाहिला, एकाने लांबून बाण मारला, आमच्यातल्या ठाणेकराने लांब काठीने टोचून बघायची परवानगी मागितली. वीस मिनिटं अशी गेल्यावर खेळ चालवणारा आमचा मित्र, म्हणजे डीएम, खजील आवाजात म्हणाला, "थांबा रे, काही नाहीये तिथे. गालिचा आहे नुसता."

नकाशावरच्या भिंती त्याने स्वतः आखल्या नव्हत्या. नकाशाचं चित्र एका स्वयंचलित साधनाला दिलं, त्याने तीन-चार सेकंदांत भिंती ओळखून दिल्या आणि या पठ्ठ्याने त्या न बघता चढवल्या. चूक कोणाचीही होते, तिच्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. लिहावं लागतंय ते नंतरच्या त्याच्या युक्तिवादामुळे. त्याचं म्हणणं असं: भिंती आखणं ही शुद्ध हमाली आहे. रेघा चित्रात असतातच, त्या पुन्हा गिरवायला माणूस कशाला? दोन तासांचं काम यंत्र क्षणात करतं, राहिलेल्या चुका दहा मिनिटांत काढता येतात, आणि भिंती चांगल्या आखल्या म्हणून आजवर कुठल्या खेळाडूने डीएमचे आभार मानलेत? हे मत त्याच्या एकट्याचं असतं तर चहावर मिटलं असतं. पण व्हर्च्युअल टेबलटॉपवर खेळ चालवणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी आता हेच ऐकू येतं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे पडतात. टेबलाभोवती बसायला माणसं एका गावात उरली नाहीत तेव्हा टेबल पडद्यावर आलं. 2012 मध्ये रोल20, 2020 मध्ये फाउंड्री, आणि त्यांच्या आगेमागे इतर. आमच्या गटातले दोघं पुण्यात, एक ठाण्यात, एक न्यू जर्सीत. पडदा नसता तर आमचा खेळच नसता. या पडद्यावर नकाशा हे एक सपाट चित्र असतं. त्यावर अदृश्य रेघा आखल्या की संगणक प्रत्येक टोकनभोवती नजर फिरवून हिशेब करतो: इथून काय दिसतं, काय झाकलं जातं. खेळाडूला त्याच्या पात्राला दिसेल तेवढंच दिसतं. त्या अदृश्य रेघा म्हणजे भिंती.

मित्राच्या पहिल्याच वाक्यात गफलत आहे. रेघा चित्रात असतात हे खरं, भिंती नसतात. फाउंड्रीत एक भिंत आखली की तिला चार गोष्टी विचारल्या जातात: तू चालणं अडवतेस का, नजर अडवतेस का, उजेड अडवतेस का, आवाज अडवतेस का? खिडकी चालणं अडवते, नजर जाऊ देते. कापडी पडद्याचं नेमकं उलटं: आरपार दिसत नाही, पण माणूस बाजूला सारून जाऊ शकतो. कड्याच्या कडेला एकाच बाजूने काम करणारी भिंत लागते, कारण वरच्याला खालचं दिसतं आणि खालच्याला वरचं दिसत नाही. मोठ्या खडकासाठी 'मर्यादित' भिंत असते, म्हणजे खडक स्वतः दिसतो पण त्याच्या मागे दडलेला धनुर्धारी दिसत नाही. चित्रकाराने मात्र खिडकी, पडदा, कडा, खडक आणि गालिचा, सगळं एकाच पेनाने काढलेलं असतं. चित्रात फक्त शाईचा फरक आहे. खेळात तो कोण कोणाला मारू शकतं याचा फरक होतो.

आता यंत्र काय बघतं ते पाहू, कारण 'यंत्र भिंती ओळखतं' असं म्हणताना आपण त्याला नसलेलं शहाणपण बहाल करतो. यातली बरीच साधनं जुन्या आणि प्रामाणिक गणितावर उभी आहेत. जॉन कॅनीने 1986 मध्ये मांडलेली कडा शोधायची पद्धत आधी चित्र किंचित पुसट करते म्हणजे बारीक खरखर निघून जाते, मग उजेड कुठे झपकन बदलतो ते मोजते, बदलाचा कणा तेवढा ठेवते, आणि दोन उंबरठे लावून पक्क्या कडा आणि त्यांना चिकटलेल्या कच्च्या कडा निवडते. मिळालेली वेडीवाकडी रेघ मोजक्या सरळ तुकड्यांत बसवायला 1973 ची डग्लस-प्यूकर पद्धत आहे, जी मुळात भौगोलिक नकाशांच्या रेषा सोप्या करायला निघाली. या दोन्ही पद्धतींबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना 'भिंत' ही कल्पना माहीत नाही. त्यांना उजेडातला फरक माहीत आहे. तांबडा गालिचा फिकट फरशीवर पडला की फरक झाला. सावली पडली, फरक झाला. फरशीला तडा गेला, फरक झाला. आणि करड्या दगडी भिंतीला करडीच फरशी लागली तर फरक झालाच नाही, म्हणजे यंत्राच्या लेखी तिथे मैदान आहे.

त्यात आजकालचे नकाशाकार भिंतीला जाडी देतात, बाजूला मऊ सावली टाकतात. मग एका भिंतीच्या दोन कडा निघतात, सावलीची तिसरी. आपल्याला हवी असते एकच रेघ, आणि ती नेमकी कुठे हवी हा कारागिरीचा प्रश्न आहे. आतल्या कडेवर आखली तर खेळाडूला चितारलेली भिंत दिसतच नाही, खोली काळ्यात तरंगते. बाहेरच्या कडेवर आखली तर भिंतीचा दगड दिसतो, पण टोकन त्या दगडातच घुसून उभं राहतं. बहुतेक जण मधोमध कुठेतरी आखतात; मी थोडी बाहेरच्या अंगाला सरकवतो, म्हणजे दगडाचा चेहरा दिसतो. जुन्या पद्धतीचे काळे-पांढरे नकाशे घ्या, डायसन लोगोस या नावाने काढणाऱ्या कॅनेडियन नकाशाकाराचे असतात तसे. त्यात खोल्यांच्या बाहेर खडक दाखवायला बारीक तिरक्या रेघांचं जाळं असतं. माणसाच्या डोळ्याला तो खडक एका नजरेत कळतो. कडा शोधणाऱ्या यंत्राला त्यात शेकडो भिंती सापडतात. आणि खोलीचा क्रमांक नकाशावर छापलेला असेल तर विचारूच नका. एका तळघरात मी स्वतः 14 या आकड्याच्या आकाराच्या भिंती पाहिल्या आहेत. एकाचा खांब झाला होता, चाराच्या पोटात बंद तिकोनी खोली.

"उंबरठे बदलून बघ ना," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. बघितले. उंबरठा वाढवला की गालिचा जातो, सोबत पातळ भिंती जातात. कमी केला की पातळ भिंती येतात, सोबत फरशीचे सांधेही येतात. तुकडे कमी करायला रेघ सोपी केली तर कोपरे छाटले जातात आणि भिंत खोलीतून तिरपी जाते. नाही केली तर एका गुहेच्या शेकडो तुकड्यांच्या भिंती होतात, टोकन हललं की त्या सगळ्यांचा हिशेब नव्याने होतो, आणि न्यू जर्सीकराचा जुना लॅपटॉप पंख्यासारखा घोंघावू लागतो.

दहा मिनिटांत चुका काढण्याच्या गोष्टीवर तर मला हसूच येतं. जुन्या मराठी पुस्तकाचं ओसीआर केलेलं, म्हणजे यंत्राने वाचून टंकलेलं पान ज्याने तपासलंय त्याला हे पटेल. घ चा ध, भ चा म, मध्येच एक गायब अनुस्वार. चूक दिसली की सुधारणं सोपं असतं, पण ती दिसण्यासाठी प्रत्येक अक्षर वाचावं लागतं, आणि तपासणारा डोळा लवकरच थकून 'बरोबरच असेल' म्हणू लागतो. शेवटी कंटाळून माणूस ते पान नव्याने टंकतो. यंत्राने आखलेल्या भिंतींचं हेच होतं. स्वतः आखताना टोकाला टोक जोडलंय हे हाताला माहीत असतं, कारण ग्रिडच्या कोपऱ्यावर रेघ आपसूक चिकटते आणि पुढची तिथूनच सुरू होते. यंत्राच्या रेघांची टोकं एकमेकांपासून पिक्सेलभर लांब असू शकतात. डोळ्याला ती फट दिसत नाही, उजेडाला दिसते. मशाल घेतलेलं टोकन समोरून जातं, फटीतून उजेडाची एक सुई पलीकडे घुसते आणि तीन सेशन जपून ठेवलेली शवपेटी खेळाडूंना दिसते. मित्रा, भिंतींबद्दल आभार कोणी मानत नाही हे खरंच. नळाला पाणी आलं म्हणूनही कोणी आभार मानत नाही.

हा सगळा भाग मी मनात आणलं तर सोडूनही देईन. यंत्रं सुधारतील. आता नकाशांवरच शिकवलेली मॉडेल्स येताहेत. ती उद्या गालिचा ओळखतील, आकडे वगळतील, फटी बुजवतील. माझा खरा आक्षेप दारांबद्दल आहे, आणि तो सुधारणेने मिटणारा नाही.

गायगॅक्सचं 'टूम ऑफ हॉरर्स' घ्या. 1975 मध्ये एका स्पर्धेसाठी लिहिलेलं, 1978 मध्ये छापलेलं, खेळाडूंना मारण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेलं थडगं. टेकडीत शिरायच्या वाटा दिसतात त्यातल्या दोन खोट्या: एकीत छत कोसळतं, दुसरीत दगडी ठोकळा सरकून मागची वाट बंद करतो. खऱ्या वाटेच्या शेवटी भिंतीवर हिरव्या राक्षसाचा चेहरा, आ वासलेलं काळं तोंड. त्या काळ्यात जो शिरतो तो संपतो. नाश करणारा गोळा आहे तो. पुढे एका दालनात भिंतींवर रंगीत गोळे हातात धरलेल्या आकृत्या चितारल्या आहेत, आणि त्यातला एक काळा गोळा नुसता भास आहे, त्याच्यामागे सरपटत जायची वाट आहे. दोन काळे गोल. एक दार वाटतं आणि मरण असतं, दुसरं चित्र वाटतं आणि दार असतं. जगातलं सगळ्यात हुशार यंत्र या दोन्हींकडे बघून काय ठरवणार? उत्तर नकाशात नाहीच. ते लेखकाने मजकुरात लिहिलंय, आणि खेळ चालवणाऱ्याने ते वाचून, समजून, त्या रात्रीपुरतं ठरवायचं आहे. भासाच्या जागी नजर अडवणारी पण चालू देणारी भिंत लागेल. राक्षसाच्या तोंडाला काहीच लागणार नाही, आणि तेच भयंकर आहे.

शिवाय दार कसंही असू शकतं. उघडं, बंद, कुलपातलं, आणि चोरदार. फाउंड्रीत चोरदार डीएमलाच दार म्हणून दिसतं, खेळाडूला ती सपाट भिंत. साध्या दारावर मात्र सगळ्यांना दिसेल असं छोटं चिन्ह येतं. यंत्राने चोरदाराचं साधं दार केलं की संपलं. महिनाभर शोधायचं रहस्य नकाशा उघडताक्षणी चिन्हासकट समोर. हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्या जुन्या नकाशांवर चोरदारावर इंग्रजी एस अक्षर छापलेलं असायचं. ते फक्त डीएमसाठी होतं. चोरदरवाजा हा शब्द मराठीला कोणी शिकवायला नको, रायगडालाही एक आहे. कोणाला ठाऊक आणि कोणाला नाही, यातच त्याचं चोरपण. पिक्सेल मोजून ते सापडेल कसं?

आमच्यातल्या जाणत्यांना इथे आठवण करून द्यावीशी वाटते की मुळात भिंत शब्दांत होती. सत्तरच्या दशकात नकाशा डीएमच्या पुठ्ठ्याआड असायचा. तो बोलून सांगायचा: तीस फूट सरळ, मग डावीकडे वळण, उजव्या हाताला लोखंडी दार. खेळाडूंपैकी एक जण 'मॅपर' असायचा, आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत काढायचा, आणि चुकायचाही. त्या चुकीत मजा होती: दोन खोल्यांमध्ये दहा फूट जागा शिल्लक राहते, मग तिथे काय आहे? असं कागदावरून चोरदार सापडायचं. पडद्याने मॅपरची नोकरी घालवली, त्याचं मला फार दुःख नाही. मीही तेव्हा तिथे नव्हतो. पण डीएमकडे निदान एक काम उरलं होतं, नकाशा आपल्या हाताने एकदा चालून जायचं. तेही आता देऊन टाकायचं म्हणतात.

हे भावनेपोटी लिहीत नाही. भिंती आखताना नकाशा वाचला जातो. त्याच हवेलीच्या नकाशावर नंतर मी स्वतः बसलो. स्वयंपाकघराची खिडकी आखताना लक्षात आलं की तिथून मागचं अंगण दिसतं, आणि गोष्टीतला खून अंगणात झालाय. म्हणजे स्वयंपाकिणीने पाहिलं असणार. कथेत ती बाई नुसती नावाला होती. पुढच्या दोन सेशनचा सगळा पेच त्या एका खिडकीतून निघाला. तीन सेकंदांत आलेल्या भिंतींमध्ये ती खिडकी जाड दगडी भिंत होऊन बसली होती, आणि आमच्या डीएमने त्या कोपऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. का पाहील? काम झालं होतं.

आता मित्राचं जे बरोबर आहे ते कबूल करतो, आणि ते थोडं नाही. ज्याचं मनगट दुखतं, ज्याच्याकडे ऑफिसनंतर आठवड्याला तासभरच उरतो, त्याने साधन वापरावं. मी कोण अडवणार? गुहांच्या काळ्या-पांढऱ्या नकाशात पांढरी जमीन भरून तिची बाह्यरेषा काढायला यंत्र उत्तम आहे. गुहेच्या भिंतीला ना खिडकी ना पडदा. तिथे हाताने शंभर तुकडे जोडण्यात मलाही पुण्य दिसत नाही. उलट रेव्हनलॉफ्टच्या किल्ल्याचे 1983 चे नकाशे तिरप्या, त्रिमितीसारख्या कोनातून काढलेले आहेत. तिथे यंत्रही हरतं आणि मीही.

आणि 'स्वयंचलित' या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात, त्या वेगळ्या केल्याच पाहिजेत. डन्जनड्राफ्ट किंवा डन्जन अल्केमिस्ट यांत नकाशा बनवणारा भिंत म्हणूनच भिंत टाकतो, दार म्हणूनच दार टाकतो. तो नकाशा निर्यात केला की चित्रासोबत भिंतींचे बिंदू आणि दारांच्या जागाही जातात. युनिव्हर्सल व्हीटीटी नावाची फाइल उघडून पाहिली तर आत साधा मजकूर असतो: एका चौकोनाला किती पिक्सेल, नजर अडवणाऱ्या रेघा, दारं, दिवे. यात कोणी काही ओळखत नाही. जे माहीत होतं ते सांडलं नाही इतकंच. रोल20चा चौकोन मुळात 70 पिक्सेलचा आणि फाउंड्रीचा 100चा, पण फाइलीत मोजमाप असल्यामुळे तेही जुळवून घेता येतं. असल्या स्वयंचलनाच्या मी शंभर टक्के बाजूने आहे. तरी दाराबद्दल त्या फाइलीला बंद की उघडं एवढंच सांगता येतं. चोरदार कोणतं ते पुन्हा माणसालाच लावावं लागतं.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रकाराशी. नकाशाकाराच्या संगणकात भिंती भिंती म्हणून असतात. तो ते सगळं पुसून एक सपाट जेपेग विकतो. मग ती जेपेग घेणारा दुसरं साधन शोधतो, जे सपाट चित्रातून पुसलेल्या भिंतींचा अंदाज बांधतं. रोग रेड्याला नि औषध पखालीला! ज्याला यंत्राची इतकी हौस आहे त्याने नकाशा विकत घेताना एवढंच विचारावं, 'भिंतींची फाइल सोबत आहे का?' नसेल तर मागावी, दोन पैसे जास्त द्यावेत. बरेच नकाशाकार ती आता देतातही. एआयने बनवलेल्या चित्रांमध्ये तर ही फाइल असूच शकत नाही, कारण तिथे भिंत कधी नव्हतीच. असे नकाशे मी पाहिलेत: जिना छतात संपतो, दार उघडून थेट दुसऱ्या दाराच्या चौकटीत. त्यावर यंत्राने भिंती काढायच्या म्हणजे अंदाजावर अंदाज.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. त्याला पटलं असं तो म्हणाला नाही. स्वभावच नाही त्याचा. पण पुढच्या शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. गालिचा त्याने काढून टाकला होता, स्वयंपाकघराची खिडकीही लावली होती. अडला होता तो अंगणातल्या विहिरीपाशी. "यंत्राने विहिरीला गोल भिंत दिलीय. ठेवू का काढू?" मी विचारलं, कठडा किती उंच आहे? त्याने ते ठरवलंच नव्हतं. कमरेइतका असेल तर नजर जाईल, चालणं अडेल. पण कोणी आत उतरणार असेल तर? आणि वर उभ्या माणसाला विहिरीतलं दिसतं, मग आतल्याला वरचं दिसेल का? "आत कोणी आहे का पण?" मी विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब, वही घेतो."